सरोवराने पाठवलेला बर्फ



थंडीत पहाटे विहिरीच्या पाण्यावरून वाफा निघताना तुम्ही पाहिल्या असतील. बाहेर हुडहुडी भरते, पण विहिरीचं पाणी मात्र कोमट लागतं. आता अशी कल्पना करा, की ही विहीर ३८८ किलोमीटर लांब आणि सुमारे ९२ किलोमीटर रुंद आहे! अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवर एवढं मोठं गोड्या पाण्याचं सरोवर आहे. त्याचं नाव ईरी.

ईरीच्या पूर्व टोकाला बफेलो नावाचं शहर आहे. मी हे नाव फळ्यावर लिहिलं, तेव्हा "बाई, म्हणजे म्हशीचं गाव?" असं विचारून पोरं खो-खो हसली. पण हे शहर प्रसिद्ध आहे ते बर्फासाठी.

त्याचं असं होतं. उन्हाळाभर सरोवराचं पाणी तापतं. जमीन लवकर निवते, पाणी मात्र सावकाश. त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरातही ते बऱ्यापैकी उबदार असतं. अशा वेळी कॅनडाकडून आलेली बोचरी हवा त्यावरून वाहू लागते. तिला खालून ऊबही मिळते आणि बाष्पही. ऊब मिळालेली हवा हलकी होऊन वर चढते, वर गारठते, ढग बनतात आणि बर्फ पडू लागतो. पाणी आणि दीड किलोमीटर उंचीवरची हवा यांच्या तापमानात साधारण १३ अंश सेल्सिअसचा फरक पडला, की हा कारखाना सुरू झालाच म्हणून समजा!

पण बर्फ कुणाच्या दारात पडणार, हे ठरवतो वारा. तो सरोवराच्या लांबीला धरून वाहिला, तर सगळे ढग एका चिंचोळ्या पट्ट्यात गोळा होतात. पट्ट्याखाली समोरचं दिसत नाही आणि बाहेर लख्ख ऊन! अंगणात पाणी मारताना नळीचं तोंड जरा वळवलं, की धार दुसरीकडे जाते ना? तसंच इथे. वारा नैऋत्येचा असला, की पट्टा बफेलो शहरावर येतो. तो थोडा पश्चिमेकडे वळला, की दक्षिणेच्या गावांवर सरकतो.

नोव्हेंबर २०१४ मध्ये बफेलोजवळच्या काही वस्त्यांवर पाच फुटांहून जास्त बर्फ पडला, आणि तिथून थोड्याच मैलांवर जेमतेम काही इंच! महामार्गावर माणसं गाड्यांत अडकून पडली. नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑर्चर्ड पार्क या गावात चार दिवसांत सुमारे २ मीटर बर्फ साचला. म्हणजे तुमच्या वर्गातल्या सर्वांत उंच मुलाच्याही डोक्यावरून!

ईरी उथळ आहे. त्याची सरासरी खोली फक्त १९ मीटर. ते गोठलं, की बाष्प मिळेनासं होतं आणि कारखाना मंदावतो. शेजारचं ऑन्टारिओ सरोवर खूप खोल आहे, ते क्वचितच पूर्ण गोठतं. म्हणून त्याच्या पूर्वेच्या टग हिल पठारावर हिवाळाभर बर्फ पडत राहतो. आपला सह्याद्री ढगांना वर ढकलून पाऊस पाडतो, तसं हे पठारही हवेला वर ढकलतं.

हे सगळं मी का सांगते आहे? आमच्या शाळेची निम्मी मुलं ओढा ओलांडून येतात. पावसाळ्यात अतिवृष्टीचा इशारा येतो, शाळेला सुटी मिळते, आणि कधीकधी दिवसभर ऊन पडतं. मग पालक म्हणतात, "बाई, या इशाऱ्यांचं काही खरं नाही." पण ज्या दिवशी आपल्याकडे ऊन असतं, त्या दिवशी शेजारच्या तालुक्यात रस्ते पाण्याखाली गेलेले असू शकतात. पट्टा थोडा सरकला, एवढाच काय तो फरक.

डिसेंबर २०२२ च्या हिमवादळात बफेलो आणि आसपास ४० हून अधिक माणसं दगावली. काही गाड्यांत, काही रस्त्यावर, काही तर आपल्याच घरात. बर्फाची सवय असलेली माणसं होती ती!

तेव्हा मुलांनो, इशारा आला, की ओढ्याकडे फिरकू नका. आई-बाबांनाही हे वाचून दाखवा. दिवसभर ऊन पडलं, तर एक दिवसाचा अभ्यास बुडेल. तो मी रविवारी भरून काढीन.