भिंतीचा कौल

श्रीवर्धनच्या आमच्या घरात पाऊस किती मुरला, ते पश्चिमेच्या भिंतीला विचारावं. बाहेरून झापांची झड बांधली तरी आषाढात ती हाताला गार लागते. श्रावणापर्यंत जोत्याच्या वर वीतभर एक काळपट रेघ उमटते. आई त्या रेघेवर बोट ठेवून सांगते, "यंदा पाणी मुरलंय गो चांगलं."

३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं आणि खिडकीबाहेरची वाडी आडवी झाली. आजोबांच्या हातच्या रोठा सुपारीच्या पोफळी एका दुपारीत गेल्या. नवं रोप धरायला पाच-सात वर्षं लागतात. तोवर ते उघडं आभाळ मला बघवेना, म्हणून मी त्याच पश्चिमेच्या भिंतीवर वाडी आणली: आठ फूट बाय दहा, विनाइलवर छापलेली, हिरवीगार. लावली त्या दिवशी खोलीत सावली आल्यासारखं वाटलं.

पुढच्या पावसात खालच्या कडा सुटल्या. गणपतीच्या आधी मी एक कोपरा ओढला, तर ओल्या पोतेऱ्याचा वास आला आणि चुन्याचा हातभर पोपडा चित्राला चिकटूनच सुटून आला. मागे कापसासारखी पांढरी पूड, लोणा. मला रडू आलं, ते भिंतीसाठी.

आमची भिंत जांभ्या चिऱ्याची. चिरा पाणी पितो आणि उन्हं आली की सोडतो. वरचा चुन्याचा गिलावा त्या वाफेला वाट देतो. त्यावर प्लॅस्टिकचा पापुद्रा बसला की वाट बंद. अडलेल्या पाण्यातला खार गिलाव्याच्या आतच स्फटिक धरतो आणि त्याला फोडून बाहेर येतो. खाडीची न धुतलेली रेती वापरलेल्या नव्या बंगल्यांतही हेच होतं. किनाऱ्यावर घर असेल आणि छापील चित्र हवंच असेल, तर ते आतल्या, कोरड्या भिंतीवर लावावं. नाहीतर लाकडी चौकटीवर ताणून, मागे दोन बोटं हवा खेळेल असं टांगावं.

घाटावर खारा वारा नाही, तिथलं वेगळं. वाईजवळ मेणवलीला नाना फडणिसांच्या वाड्यातली भित्तिचित्रं अजून बघायला मिळतात. आपल्या खाऱ्या वाऱ्याला जवळची वाटते ती वारल्यांची रीत. कुडाची भिंत सारवायची, गेरू द्यायचा, तांदळाच्या पिठाने सुवासिनींनी लग्नाचा चौक लिहायचा. पुढच्या लग्नाला नवा. जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं कागदावर नेली, जगभर पोचवली. २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आता अलिबागच्या कितीतरी दिवाणखान्यांत वारली नाच दिसतो आणि मला तो आवडतो. लग्नाचा, पालघट देवीचा चौक मात्र नुसत्या शोभेसाठी काढू नये असं मनापासून वाटतं. तो देवीला बोलावण्यासाठी लिहितात.

वैशाखात आम्ही भिंत मोकळी केली. लोणा कोरड्या ब्रशने झाडला. पाण्याने धुतला तर तो विरघळून पुन्हा आत जातो. पोपडे गेले तिथे चुन्याचाच गिलावा भरला, वर चुन्याचे दोन हात. मग आईने नारळाचं सोडण ठेचून कुंचा केला, चुन्याच्या निवळीत गेरू कालवला आणि खालून वर एका दमात रेघ ओढली. तिचा हात थरथरतो. त्या थरथरीनेच खोडावर वळी उमटली. विहिरीकाठची, गोठ्यामागची, वाकडी, अशा अकरा पोफळी तिने जागच्या जागी उभ्या केल्या. जोत्यालगतची वीतभर जागा कोरी सोडली.

यंदा रेघ तीन बोटं वर चढली. विहिरीकाठच्या पोफळीचा बुंधा पुसट झालाय. दिवाळीआधी ऊन पडलं की गेरू भिजवायचा आहे.