उंबराखालचा डोह

उंबर पिकलं की आमच्या डोहावर टपटप आवाज सुरू व्हायचा. फळ पाण्यात पडलं की खालून सोनेरी झळक यायची, पाणी एकदा गोल फिरायचं आणि फळ गायब. तो खडस. शिकलेली माणसं त्याला महसीर म्हणतात. अंगावर रुपयाएवढी खवलं, ओठापाशी मिशा. जबड्यात दात नाहीत, पण घशात असे दात की हलका गळ सरळ करून टाकतो.

भोर तालुक्यात नीरेच्या काठी आमची भातखाचरं. दहावीनंतर शाळा सुटली, नदी सुटली नाही. गळ टाकायला दादांनी, म्हंजे वडिलांनी शिकवलं. "सावली पाण्यात पडू द्यायची न्हाई. मासा धारेकडं तोंड करून उभा असतो, आपण खालच्या अंगानं जायचं." शिसं बांधायचं नाही. गळाला पिकलं उंबर टोचायचं आणि फांदीवरून आपसूक गळाल्यासारखं पाण्यावर सोडायचं. आवाज जरा जड झाला की खडस त्या दिवशी पुन्हा तोंड दाखवत नाही.

पुढं एकदा पुण्याचे एक पेन्शनर आले होते. त्यांनी कोंबड्याच्या पिसाचा किडा करून गळाला बांधलेला. मी म्हणलं, "कोंबडं आपण खायचं आणि पिसं माशाला व्हय?" दिवसभरात त्यांना एक बोटभर मासा लागला. त्यांनी आधी हात ओले केले, कोरड्या हातानं माशाच्या अंगावरची बुळबुळ निघते म्हणून, आणि सोडून दिला. त्यांच्या गळाचा उलटा काटा कानशीनं घासलेला होता. घरी आल्यावर मी माझे सगळे गळ घासले. बायको म्हणाली, आता मासे काय बोलवून आणणार का?

पण मी काही पहिल्यापासून असा न्हवतो. १९७९ च्या सुमारास गावात विहिरी खणायचं काम जोरात होतं. मी विशीतला. आम्ही चौघांनी सुरुंगाची एक कांडी मारून नेली आणि डोहात टाकली. पाणी उभं राहिलं. मग पांढरी पोटं वर यायला लागली. दोन पोती मासे निघाले, आळीभर वाटले. दादांनी रात्री ताट सरकवलं, बोलले काहीच नाहीत. चौथ्या दिवशी डोहाला वास सुटला, तेव्हा कळलं, वर आले त्याच्यापेक्षा जास्त तळाशी बसले होते. त्यात काडीएवढी पिल्लंसुद्धा होती. त्यानंतर कितीतरी वर्षं उंबर पाण्यात पडायचं आणि तसंच वाहत जायचं. दादा त्या काठाला बसलेले मला पुन्हा दिसले नाहीत.

सोयरिकीच्या कामाला वरंधा घाट उतरून महाडकडं गेलो होतो, तेव्हा वाळणकोंडीला पाहुण्यांनी नेलं. काळ नदीचा डोह, वरदायिनी देवीचं ठाणं. देवीचे मासे म्हणून तिथं कुणी गळ टाकत नाही. कुरमुरे टाकले तर हातहात लांबीचे खडस वर आले. माझ्या हातातले कुरमुरे तसेच राहिले. नदी तीच, सह्याद्रीतली, माणसंही आपल्यासारखीच. आमच्याकडं देवी नाही, एवढाच फरक.

खरा घोळ असतो तो चढणीच्या माशांचा. मृगाचा मोठा पाऊस झाला, ओढे लाल झाले की मासे नदीतून ओढ्यात, ओढ्यातून थेट खाचरात चढतात. अंडी घालायला. आणि त्याच रात्री अख्खं गाव बॅटऱ्या, काठ्या, जाळी घेऊन बाहेर. गाभोळीचं कालवण मीही बोटं चाटून खाल्लंय, खोटं कशाला बोलू. पण वर धरण झालं, काठाची झाडं मोटारी बसवायला तुटली, कुणी डोहात ब्लीचिंग पावडर टाकायला लागलं. त्यात चढणच अडवली तर राहिलं काय?

देवळात बसून मी विषय काढला. कोळी लोक नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात होडी घालत नाहीत, आपण तोवर ओढ्याला जाळं लावू नये. एक जण म्हणाला, "मासे खाऊन दात पडले, आता माळकरी झाला." सगळे हसले. एक कातकरी म्हातारी मात्र हसली नाही. म्हणाली, "बाबा, तुझ्या कणगीत भात हाय. पावसात आमी काय खावं?" मला उत्तर सुचलं नाही. सुरुंग तिच्या माणसांनी टाकला न्हवता, मी टाकला होता. दोन बैठका झाल्या आणि ठरलं, हातानं, पाटीनं खाण्यापुरतं कुणीही धरावं, पण ओढ्यात आडवं जाळं नाही, करंट नाही, पावडर नाही. निम्मं गाव पाळतं.

मागच्या पावसात पुतण्या तारेवर आकडा टाकून ओढ्यावर आला. मी गुडघाभर पाण्यात जाऊन उभा राहिलो. "आबा, बाहेर या." म्हणलं, "सोड करंट, मी हितंच हाय." बराच वेळ पाऊस आणि आम्ही दोघं. मग त्यानं वायर गुंडाळली. तेव्हापासून तो आमच्या दारात आलेला नाही. थोरल्या भावानं गौरीच्या जेवणालाही बोलावलं नाही. घर जोडायला जमलं असतं का, हे मी रात्री पुष्कळदा उलटंपालटं करून बघतो.

जुनं उंबर पुरात गेलं. मी लावलेलं आता फळतंय. संध्याकाळी जाऊन बसतो, गळ नेत नाही. परवा एक फळ पडलं, वळणापर्यंत वाहत गेलं आणि तिथं पाणी फिरलं. खडस होता का चिलापी, अंधारात दिसलं नाही.