गाणाऱ्याच्या मागचे दोघे भाऊ

आमच्या मुलाने बॉब मार्ले यांची गाणी घरात आणली. इंग्रजी शब्द आम्हां नवरा-बायकोच्या डोक्यावरून गेले, पण पाय आपोआप हलू लागले. बोटांवर मात्रा मोजू लागलो, तर दर वेळी चुकलो. चारांतल्या पहिल्या मात्रेवर ड्रमचा ठोकाच नव्हता! ती मात्रा मोकळी सोडून जोराचा ठोका तिसरीवर पडत होता. या ठेक्याला ‘वन ड्रॉप’ म्हणतात.

हा ठेका जगभर नेला तो वेस्ट इंडीजमधल्या जमैका बेटावरच्या दोन सख्ख्या भावांनी. थोरले अ‍ॅस्टन बॅरेट बास गिटार वाजवीत, धाकटे कार्लटन ड्रम. किंग्स्टन शहरातली ही कष्टकऱ्यांची पोरे. वाद्य घ्यायला पैसे कुठले? अ‍ॅस्टन यांनी पहिले गिटार प्लायवूडचे केले. कार्लटन यांनी रंगाच्या रिकाम्या डब्यांचे ड्रम केले. ‘स्कॅटलाइट्स’ या वाद्यवृंदाचे ड्रमवादक लॉइड निब यांचा हात ऐकून ते घडले. अ‍ॅस्टन म्हणत, बास वाजवणे म्हणजे खालच्या पट्टीत गाणेच.

१९७०च्या सुमारास दोघे मार्ले यांच्या ‘वेलर्स’मध्ये आले आणि १९८१ साली मार्ले जाईपर्यंत साथ देत राहिले. रॉबी शेक्सपिअर बास शिकले ते अ‍ॅस्टन यांच्याकडूनच. पुढे ‘स्लाय अँड रॉबी’ ही त्यांची जोडी बॉब डिलनसारख्यांच्या साथीला बसली.

पण पदरात काय पडले? १७ एप्रिल १९८७ रोजी कार्लटन यांना त्यांच्या घराबाहेर गोळ्या घालून ठार मारले. वय अवघे ३६. गाण्यांच्या उत्पन्नातला आपला वाटा मिळावा म्हणून अ‍ॅस्टन लंडनच्या कोर्टात गेले. २००६ साली तो दावा फेटाळला गेला. आधी तडजोडीवर सही करून त्यांनी हक्क सोडला होता, असे कोर्टाचे म्हणणे पडले. कायद्याचे कायद्यापाशी, आम्हाला मात्र ते वाचून वाईट वाटले. इमारतीवर मालकाचे नाव लागते, पाया खणणाऱ्याचे कोण लावतो?

३ फेब्रुवारी २०२४ रोजी अ‍ॅस्टन वारले. त्याच महिन्यात मार्ले यांच्यावरचा चित्रपट आला. त्यात अ‍ॅस्टन यांची भूमिका त्यांच्याच मुलाने केली आहे. वडिलांचा वाद्यवृंदही तोच पुढे चालवतो आहे.

आता घरात ते गाणे लागले आणि कुणी विचारले, “कुणाचं हो?” तर आम्ही तीन नावे सांगतो.