गव्हावाचूनचे ताट

ग्लुटेन हे गहू, जव आणि राय या धान्यांतील प्रथिनांच्या एका समूहाचे नाव असून, पोळीची कणीक ताणली तरी तुटत नाही ती त्याच्यामुळे. मळलेल्या कणकेचा गोळा पाण्याच्या धारेखाली धुतला की पिष्ट वाहून जाते आणि हातात जो चिवट, लवचीक भाग उरतो तो मुख्यतः ग्लुटेनच असतो. ज्वारीच्या पिठात हा गुण नाही, म्हणून त्याला विरी यावी यासाठी कढत पाणी घालून ते मळावे लागते आणि भाकर लाटता येत नाही, थापावी लागते. चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यातील माणिकगड पहाडावर पूर्वापार राहणारी कोलाम व गोंड कुटुंबे आणि मराठवाड्यातून येऊन येथे वसलेली शेतकरी कुटुंबे यांचे रोजचे जेवण दीर्घकाळ ज्वारीची भाकर, कण्या, आंबील, तुरीचे वरण आणि जमेल तसा भात यांवरच चालत आले आहे. म्हणजे शहरातल्या दुकानात ‘ग्लुटेन-मुक्त’ असा शिक्का मारून चढ्या भावाने विकला जाणारा आहार पहाडावर विनाशिक्का शिजत होता. तरीही येथील एखाद्या बालकासाठी असा आहार आज सुरू करायचा झाला तर तो सोपा का ठरत नाही, याचे उत्तर धान्याच्या टंचाईत मिळत नाही. ते धान्य कोणकोणत्या हातांतून आणि यंत्रांतून ताटापर्यंत येते यात, आणि त्याही आधी आजार ओळखण्यात, शोधावे लागते.

हा आहार ज्यांना औषधासारखा लागू आहे ती मुले सिलिॲक या आजाराची असतात. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीच्या लवेसारखे असंख्य सूक्ष्म अंकुर असतात आणि अन्नरस शोषून घेण्याचे काम त्यांच्याकडून होते; सिलिॲकमध्ये ग्लुटेनचे अर्धवट पचलेले तुकडे शरीराची प्रतिकारयंत्रणा शत्रू समजते आणि तिच्या माऱ्यात हे अंकुर झिजून सपाट होतात. पोट भरूनही मूल उपाशी राहते ते यामुळे. त्याचे पोट नगाऱ्यासारखे फुगते, हातपाय काटकुळे होतात, शौच पातळ व दुर्गंधीयुक्त होते, उंची थांबते, रक्त कमी होते, आणि कधी कधी यांपैकी काहीच न दिसता केवळ लोहाच्या गोळ्यांनी न हटणारा पांडुरोग एवढेच लक्षण असते. ही ॲलर्जी नव्हे, आणि वय वाढल्यावर ती सुटतही नाही; आहार जन्मभराचा असतो.

भारतात हा आजार सर्वत्र सारखा आढळत नाही. देशाच्या तीन विभागांतील प्रौढांची तपासणी करून 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याचे प्रमाण उत्तरेत 1.23 टक्के, ईशान्येत 0.87 टक्के आणि दक्षिणेत 0.10 टक्के दिसले; आजाराला पूरक असा आनुवंशिक वारसा मात्र तिन्हीकडे साधारण तिघांत एकाजवळ होता. फरक मोठा होता तो खाल्ल्या जाणाऱ्या गव्हाचा. वारसा असतो पण गहू नसतो तेथे आजार फारसा डोके वर काढत नाही, असा अर्थ यातून निघू शकतो, आणि तो खरा मानला तर भात-ज्वारीच्या पट्ट्यात गव्हाचा वापर जसजसा वाढेल तसतसे या आजाराकडे अधिक लक्ष द्यावे लागेल. जिवती हा असाच पट्टा आहे. येथे गहू घरोघर पोचवणारा अन्नसुरक्षा कायदा 2013 चा. त्याखाली अंत्योदय कुटुंबाला महिन्याला 35 किलो धान्य मिळते, जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे, आणि त्यात तांदळाबरोबर गहूही असतो. ज्या घरी पोळी सणासुदीची होती त्या घरी ती अशा रीतीने नेहमीची झाली. यात वाईट काही झाले असे म्हणणे कृतघ्नपणाचे ठरेल, कारण उपाशी घराला धान्याची जात विचारण्याची चैन परवडत नाही.

ओळखण्याची अडचण मात्र येथेच सुरू होते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात खंगलेले मूल दिसले की पहिला विचार कुपोषणाचा येतो, दुसरा जंतांचा किंवा क्षयाचा, आणि रक्त कमी असेल तर सिकलसेलचा. हे सारे आजार या भागात खरोखरीच असल्यामुळे हा क्रम चुकीचाही नाही. पण त्यांच्या आड लपलेले एखादे सिलिॲकचे मूल कुपोषित म्हणून नोंदले जाते आणि उपचार म्हणून त्याला अधिक अन्न दिले जाते, ज्यात शिरा, लापशी, बिस्कीट असे गव्हाचेच पदार्थ असू शकतात. औषध म्हणून दिलेला घासच आजार पोसतो आणि वजनाचा काटा हलत नाही याचा दोष आईच्या निष्काळजीपणावर ढकलला जातो. आजाराचे कारण सापडले त्याचा इतिहासही उपासमारीशीच जोडलेला आहे, हा योगायोग लक्षणीय आहे. हेग येथील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाविषयीचा संशय दुसऱ्या महायुद्धापूर्वीच आला होता. 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये भीषण दुष्काळ पडून पाव दुर्मीळ झाला, तेव्हा इतर मुले खंगत असताना सिलिॲकची मुले सुधारताना दिसली, आणि पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. डिके यांचा प्रबंध 1950 मध्ये उट्रेख्त येथे सादर झाला. त्यापूर्वी अमेरिकेत सिडनी हास यांनी 1924 पासून अशा मुलांना केळ्यांवर ठेवले होते. मुले सुधारत, पण त्याचे श्रेय केळ्याला दिले जाई, ताटातून गेलेल्या पावाला नव्हे.

मात्र संशय आला की लगेच गहू बंद करणे ही स्वाभाविक असली तरी घातक घाई होय. निदानासाठी आधी रक्तातील विशिष्ट प्रतिपिंड, म्हणजे ऊतक-ट्रान्सग्लुटामिनेजविरोधी आयजीए, तपासतात. मग बहुतेक वेळा दुर्बिणीने लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचे सूक्ष्म तुकडे काढून पाहतात. गहू आधीच बंद झालेला असेल तर प्रतिपिंड उतरतात, अंकुर भरून येऊ लागतात आणि तपासणी खोटा दिलासा देते. पहाडावरून राजुरा, चंद्रपूर किंवा नागपूर गाठण्यात मजुरीचे दिवस बुडणार असतील तर तो प्रवास गहू खाऊनच झाला पाहिजे.

निदानानंतरचा पहिला अडथळा गिरणीचा. ज्या चक्कीत आधी गहू दळला गेला त्याच चक्कीत ज्वारी टाकली की जात्याच्या पाळ्यांत आणि कापडी नळीत अडकलेले गव्हाचे पीठ तिच्यात उतरते. रोज सुमारे 50 मिलिग्रॅम ग्लुटेन दीर्घकाळ पोटात गेले तरी आतड्याला इजा होऊ शकते, आणि मध्यम आकाराच्या एका पोळीत त्याच्या पन्नासपट किंवा अधिक ग्लुटेन असते. यावरून चिमूटभर पिठाचे वजन किती हे समजावे. ‘ग्लुटेन-मुक्त’ अन्नात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन नसावे ही मर्यादा भारतीय नियमातही आहे, पण गावच्या चक्कीला ती कोण लावणार? घरातल्या जात्यावर दळणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग असला तरी तो बाईच्या अंगमेहनतीतून जातो आणि पहाटेच्या कामांत आणखी एकाची भर घालतो, हे सल्ला देणाऱ्याने विसरू नये. त्याहून सोपा मार्ग म्हणजे चक्की झाडून घेऊन पहिले दळण स्वतःचे लावणे आणि त्यातले सुरुवातीचे पीठ मुलाच्या डब्यात न घालता वेगळे काढणे. ही युक्ती पूर्ण निर्दोष नाही, पण काहीच न करण्यापेक्षा बरी. स्वयंपाकघरात चाळणी सर्वांत फसवी, कारण तिच्या जाळीतले पीठ धुऊनही जात नाही. ती मुलाची वेगळी असावी. बाजारच्या खड्याच्या किंवा पुडीच्या हिंगात बहुधा मैदा मिसळलेला असतो, विदर्भातल्या सातूच्या पिठात गहू असतो, आणि चहात बुडवून दिले जाणारे पाच रुपयांचे बिस्कीट तर उघडच गव्हाचे असते. याउलट पोहे, मुरमुरे, ज्वारीच्या लाह्या, भगर, शेंगदाणे, अंडी, केळी, मोहाची फुले, चारोळी हे सारे निर्धोक आहे. अनुसूचित क्षेत्रातील अंगणवाड्यांत अमृत आहार योजनेतून मुलांना मिळणारे अंडे किंवा केळे अशा मुलालाही चालते, ही जमेची बाजू. शक्य असेल तेथे सगळ्या घराने ज्वारी-भातावर यावे हेच उत्तम, कारण एकाच घरात दोन परातींचा हिशेब फार दिवस टिकत नाही.

आहार सुरू झाल्यानंतर जे त्रास दिसतात त्यांतले काही आहाराचे, काही आजाराचे आणि काही चुकून पोटात गेलेल्या गव्हाचे असतात, आणि त्यांची गल्लत झाली की आई-आजी ‘हे पथ्य मानवत नाही’ म्हणून पोळी परत सुरू करतात. पहिल्या काही आठवड्यांत मुलाची चिडचिड बहुधा वजनाच्याही आधी कमी होते आणि भूक एकदम वाढते. ही भूक रोग नव्हे, राहिलेली वाढ भरून काढण्याची घाई आहे. मात्र अतिशय खंगलेल्या मुलाला पहिल्याच दिवसापासून भरपेट खाऊ घालणे धोक्याचे असते, कारण दीर्घ उपासानंतर अन्न एकाएकी वाढले की रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम पेशींत ओढले जाऊन त्यांची पातळी जिवावर बेतेल इतकी घसरू शकते. अशा मुलाचा आरंभ रुग्णालयातच, थोड्या थोड्या घासांनी व्हावा. दूध दिल्यावर पोट फुगून जुलाब होत असतील तर त्याचे कारण बहुधा हे की दुधातील साखर पचवणारे द्रव्य त्याच अंकुरांच्या टोकांवर तयार होते आणि अंकुर अजून भरलेले नसतात. काही आठवडे दूध कमी करून ताक-दह्यावर भागवले की दूध पुढे सोसू लागते, त्यासाठी ते जन्मभर सोडण्याची गरज नसते. मूल नुसत्या भातावर आले तर बद्धकोष्ठता होते. त्यावर ज्वारी, डाळी, रानभाज्या आणि पाणी हाच उपाय. लोह, फोलेट, ड जीवनसत्त्व आणि जस्त यांची उणीव आहाराने लगेच भरत नाही, पण या भागात लोहाची गोळी देण्यापूर्वी सिकलसेलची तपासणी झालेली असणे आवश्यक आहे, कारण सिकलसेलच्या रुग्णात, विशेषतः वारंवार रक्त दिले गेले असेल तर, लोह आधीच साचलेले असू शकते. महिनोन्‌महिने पथ्य पाळलेल्या मुलाने लग्नाच्या पंगतीत बुंदीबरोबर एक पोळी खाल्ली आणि दोन-तीन तासांत जोराच्या उलट्या झाल्या, तर तो पथ्याचा अपाय नव्हे. पथ्यानंतर गव्हाला शरीर कधी कधी पूर्वीपेक्षा तीव्र उत्तर देते. प्रतिपिंडांची पातळी पूर्ववत व्हायला वर्षभर किंवा अधिक लागते, म्हणून सहा महिन्यांनी एकदा रक्त तपासणे हेच पथ्य नीट पाळले जात असल्याचे बऱ्यापैकी विश्वसनीय माप आहे. मुलाच्या चेहऱ्यावरून ते कळत नाही.

पहाडावरची अनेक मुले पाच-सहा वर्षांची होताच आश्रमशाळेत राहायला जातात, आणि तेथे ताट आईच्या हातून सुटून भटारखान्याच्या हाती जाते. गावच्या शाळेतील मध्यान्ह भोजन महाराष्ट्रात मुख्यतः तांदळाचे असल्यामुळे खिचडीच्या पंगतीत हे मूल इतरांबरोबर बसू शकते; निवासी शाळेत पोळीचा दिवस येतो तेव्हा त्याच्यासाठी भाकर वेगळ्या तव्यावर भाजली जाईल का, तिचे पीठ कोणत्या चक्कीतले असेल आणि अधीक्षकाची बदली झाल्यावर हे नव्या माणसाला कोण सांगेल, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रवेशाच्या वेळीच, डॉक्टरांच्या सहीच्या मराठी चिठ्ठीसह, लेखी घ्यावी लागतात; नुसते ‘गहू देऊ नका’ असे तोंडी सांगून भागत नाही, कारण ते ऐकणारा आचारी पोळी काढून घेईल आणि त्याच ताटात रव्याचा शिरा वाढेल.