पुणतांब्याचा फाटा आणि लिनक्सची बदलती रुंदी

दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. गोदाकाठचे, चांगदेवांच्या समाधीचे पुणतांबा हे गाव याच मार्गावर वसलेले आहे. पुढे २००९ मध्ये पुणतांब्याहून शिर्डीकडे सुमारे १७ किलोमीटरचा फाटा निघाला. मुख्य मार्ग आणि फाटा यांच्यात १३१ वर्षांचे अंतर. राज्य बदलले, इंजिने बदलली, कारभारी बदलले. तरीही नवे रूळ जुन्यांना जोडताना एका गोष्टीची चिंता कुणालाही करावी लागली नाही. दोन रुळांमधील अंतर तेच राहिले होते: १६७६ मिलिमीटर.

आता कल्पना करावी की मुख्य मार्गाची ही रुंदी दर नऊ-दहा आठवड्यांनी किंचित बदलते, आणि तशी पूर्वसूचना फाट्याच्या मालकाला देण्यास कुणीही बांधील नाही. लिनक्सच्या कर्नेलबाहेर राहून त्याला जोडल्या जाणाऱ्या मॉड्यूलांचा इतिहास नेमका असा आहे.

कर्नेल म्हणजे संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये हेलसिंकीत तो लिहायला घेतला. यंत्र चालू असतानाच गाभ्यात एखादा भाग घालावा आणि नको तेव्हा काढावा, ही सोय १९९५ च्या १.२ या आवृत्तीपर्यंत रुळली होती. अशा भागाला मॉड्यूल म्हणतात. पडदा, ध्वनी, नेटवर्क कार्ड अशा उपकरणांचे चालक बहुधा याच रूपात असतात. बहुसंख्य मॉड्यूले कर्नेलच्या मूळ स्रोतवृक्षातच नांदतात. काही मात्र बाहेर राहतात: कुणाला आपली संहिता उघड करायची नसते, कुणाचा परवाना जुळत नाही, कुणाचे काम अजून कच्चे असते.

जुन्या २.४ मालिकेत बाहेरचे मॉड्यूल बांधणे तसे सोपे होते. कर्नेलच्या शीर्षफायली कुठे आहेत ते संकलकाला सांगितले, दोन-तीन खुणा जोडल्या, की काम भागे. बहुतेकदा भागे, असे म्हणणे अधिक प्रामाणिक ठरेल; कारण कर्नेल ज्या निवडींनी बांधला त्याच निवडींनी मॉड्यूल बांधले गेले आहे, याची हमी नव्हती. तसे नसेल तर यंत्र कोणतीही तक्रार न करता मधेच कोसळे. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ ने ही मोकळीक संपवली. बाहेरच्या माणसाने आता स्वतः संकलक चालवायचा नाही. कर्नेलच्याच बांधणीव्यवस्थेला हाक मारायची आणि ‘एम’ या चलातून आपली निर्देशिका दाखवायची. बांधणीचे नियम कर्नेलचे, संहिता पाहुण्याची. तयार मॉड्यूलावर ते कोणत्या आवृत्तीसाठी बांधले त्याचा शिक्का असतो. शिक्का जुळला नाही तर कर्नेल त्याला दारातच अडवतो. अनेकांना हा जाच वाटला. वस्तुतः तो उपकार होता: दारात अडणे हे भर रस्त्यात कोसळण्यापेक्षा केव्हाही बरे.

पण रुंदी स्थिरच का ठेवत नाहीत? येथे एक भेद नीट समजून घ्यावा लागतो. वापरकर्त्याचे कार्यक्रम कर्नेलशी ज्या वाटेने बोलतात, ती बाहेरची वाट लिनक्स कसोशीने जपतो. वीस वर्षांपूर्वीचा कार्यक्रम आजही चालावा असा दंडक आहे. मॉड्यूले मात्र गाभ्याच्या आतल्या अवयवांना थेट भिडतात, आणि आतली रचना बदलण्याचे स्वातंत्र्य कर्नेलच्या कारागिरांनी कुणालाही विकलेले नाही. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी या धोरणाचे समर्थन करणारे टिपण लिहिले. ते कर्नेलच्या दस्तऐवजांतच ठेवलेले आहे. यूएसबीची आतली यंत्रणा निदान तीनदा मुळापासून फिरवावी लागली, हा त्यातला दाखला. आत बदल करणारा स्रोतवृक्षातील सर्व चालक स्वतःच दुरुस्त करतो. बाहेरच्यांची दुरुस्ती बाहेरच्यांनी करायची.

हा भार महाराष्ट्राने जवळून पाहिला आहे. वेरिटास या कंपनीचे मोठे विकासकेंद्र पुण्यात होते. तिची फाइलव्यवस्था लिनक्सवर आली ती बाहेरची, बंद संहितेची मॉड्यूले म्हणून. अशा उत्पादनाच्या प्रत्येक प्रकाशनामागे कोणत्या वितरणाचा कोणता कर्नेल चालेल याची लांबलचक यादी असते, आणि प्रत्येक नोंदीमागे कुणाची तरी बांधणी, चाचणी, कधी रात्रपाळी. रेड हॅटसारख्या वितरकाने आपल्या एका प्रमुख आवृत्तीपुरती आतल्या निवडक दुव्यांची यादी स्थिर ठेवली, म्हणून हा व्यवसाय निभावला. गंमत अशी की त्याच फाइलव्यवस्थेचा एक मुक्त अवतार क्रिस्टोफ हेलविग यांनी लिहिला आणि तो २००१ च्या सुमारास मूळ वृक्षात गेला. तो केवळ वाचू शकतो, लिहू शकत नाही. पण कर्नेल बदलला की त्याची डागडुजी इतर चालकांबरोबर आपोआप होते.

सामान्य वापरकर्त्याचा त्रास कमी करण्यासाठी डेल कंपनीने २००३ मध्ये डीकेएमएस आणले. नवा कर्नेल बसला की बाहेरची मॉड्यूले ते स्वतःच पुन्हा बांधते. मात्र आतली रचनाच बदलली असेल तर तेही हतबल. अद्ययावतीकरणानंतर काळा पडदा पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

बाहेरून आत जाण्याचे उत्तम उदाहरण जेसन डोनेनफेल्ड यांच्या वायरगार्डचे. काही वर्षे ते बाहेरचे मॉड्यूल होते. त्या काळात निरनिराळ्या कर्नेलांशी जुळवून घेण्यासाठी वेगळा जोडथर सांभाळावा लागे. मार्च २०२० मध्ये ५.६ आवृत्तीबरोबर ते वृक्षात आले. बाहेरची प्रत तरीही टाकून देता आली नाही: ३.१० ते ५.५ पर्यंतचे कर्नेल चालवणाऱ्यांसाठी ती राखावी लागली.

एनव्हिडियाची गोष्ट याच्या उलट. तिच्या बंद मॉड्यूलांवरून टोरवाल्ड्स यांनी २०१२ मध्ये फिनलंडमधील एका व्याख्यानात उघड संताप व्यक्त केला होता. मे २०२२ मध्ये कंपनीने त्या मॉड्यूलांची संहिता खुली केली. तरी ती अजून बाहेरच आहेत, आणि नवा कर्नेल आला की पुन्हा बांधली जातात.