फौजी काकांचे कान

आमच्या इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर पहाटे फिरणाऱ्या जुन्या लोकांना विचारा, फौजी काका आठवतील. ताठ पाठ, पांढरे कॅनव्हासचे बूट आणि मागून कुणी हाक मारली तरी न वळण्याची सवय. ‘काका जरा आखडू आहेत’ असं बऱ्याच जणांचं मत होतं. खरं सांगायचं तर माझंही होतं. २०२४ च्या पावसाळ्यात ते गेले. सुनेच्या परवानगीने, नाव न देता हे लिहितोय.

१९६८ मध्ये नाशिकरोडच्या आर्टिलरी सेंटरमध्ये ते भरती झाले. १९७१ च्या युद्धात पश्चिम सीमेवर तोफेवर होते. पंधरा वर्षांची नोकरी करून परतले आणि सातपूरच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला लागले. पत्रा दाबणारी मशीन, दर काही सेकंदांनी ठोका, आठ तासांची पाळी, अशी चोवीस वर्षं. सायकलने जायचे. त्या पगारावर आणि पेन्शनवर दोन मुलांची शिक्षणं केली, घर बांधलं, आईचं अंथरुणावरचं आजारपण काढलं. युद्धाबद्दल फारसं बोलायचे नाहीत. मुलीच्या इंजिनिअरिंगच्या फीबद्दल मात्र तपशिलात बोलायचे, कोणत्या महिन्याचा ओव्हरटाइम कुठल्या सेमिस्टरला गेला ते!

माझ्याकडे ते ब्लडप्रेशरसाठी यायचे. फाइल तारखेनुसार लावलेली. मी काही सांगितलं की “हो साहेब, हो.” शिस्तीचा पेशंट म्हणून मी खूश.

२०१९ मध्ये तक्रार आली, रात्री तीन-चारदा लघवीला उठावं लागतं. एकदा अंधारात पडलेही. ६९ वर्षांचा पुरुष, म्हणजे प्रोस्टेट, असं धरून मी सोनोग्राफी करून घेतली. त्यात विशेष काही निघालं नाही. मग सून सोबत आली आणि सहज म्हणाली, “ती नवी गोळी बाबा रोज संध्याकाळी घेतात.” ती लघवी वाढवणारी गोळी होती. मी ‘सकाळी’ म्हणालो होतो, त्यांना ‘संध्याकाळी’ ऐकू आलं होतं. चिठ्ठीवर माझ्या इंग्रजी घाईच्या अक्षरात लिहिलेलं त्यांना लागलं नव्हतं. आधी मी त्यांच्यावरच चिडलो, तेही मोठ्या आवाजात. ते कसनुसं हसले. ते हसू मला अजून आठवतं.

आतल्या कानात शंखाच्या आकाराचा एक भाग असतो. त्यात अतिशय नाजूक केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. तोफेजवळचा धमाका १४० डेसिबलच्या वर जातो, तो एका झटक्यात इजा करू शकतो. कारखान्यातला आवाज हळूहळू करतो. ८५ डेसिबलच्या वर रोज आठ तास राहिलं की धोका सुरू होतो. कानात कापसाचा बोळा घालून फारसं काही साधत नाही. काकांनी आयुष्यभर तेवढंच केलं होतं. आपल्या कायद्यात कारखान्यातल्या आवाजाने आलेला बहिरेपणा हा कळवणं बंधनकारक असलेला आजार आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. मीही ते परीक्षेपुरतंच वाचलं होतं.

सर्वांत आधी मार बसतो तो वरच्या पट्टीला, ४००० हर्ट्झच्या आसपास. ‘स’, ‘श’, ‘थ’, ‘फ’ यांसारखी व्यंजनं तिथे बोलतात. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येत राहतात. म्हणून असा माणूस म्हणतो, “आवाज येतो, शब्द कळत नाहीत.” साठ, पाठ, काठ सगळं एकच. बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज आधी हरवतात. ओरडून उपयोग नसतो, ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजनं नाही. समोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश बोलावं.

ऑडिओमेट्री केली. दोन्ही कानांची रेष वरच्या पट्टीत घसरलेली. वयाचाही त्यात वाटा होता, पण सगळा नाही. घरच्यांना वाटत होतं बाबा विसरायला लागलेत. नातीच्या गप्पांना ते नुसतं “हो हो” म्हणत, म्हणून तिने बोलणंच सोडलं होतं.

श्रवणयंत्र आणलं. पहिले आठ दिवस काका वैतागले. पिशवीची सळसळ, भांड्यांची आदळआपट, फोडणीचा चरचराट! बहुतेक लोक इथेच यंत्र कपाटात टाकतात. मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात, आधी घरात थोडा वेळ घालून वाढवत जायचं असतं. काकांनी ते ड्यूटीसारखं केलं, वेळा वहीत लिहून. महिन्याने येऊन म्हणाले, “साहेब, नातीला ‘स’ म्हणता येत नाही. ‘त’ म्हणते. घरात सगळ्यांना माहीत होतं, मलाच आत्ता कळलं.”

ती वर्षभरात ‘स’ म्हणायला शिकली. शाळेतले धडे आजोबांना वाचून दाखवायची.

परवा सून यंत्राची डबी घेऊन आली, कुणा गरजूला द्या म्हणाली. मशीन नव्या माणसाच्या ऑडिओमेट्रीनुसार पुन्हा जुळवता येतं, कानातला साचा मात्र ज्याचा त्यालाच बसतो. साचे मी काढून तिला परत दिले. तिने ते रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवले.