औषध म्हणून तरी?

अलीकडे आपल्या बायकांच्या बोलण्यात एक प्रश्न वरचेवर येतो. बस्तीच्या पायरीवर, हळदीकुंकवात, दशलक्षणातला स्वाध्याय संपून चपला शोधताना कुणीतरी आवाज खाली आणते आणि म्हणते, "आक्का, डॉक्टर म्हणाले, औषध म्हणून तरी अंडं खा. काय करू?" विचारणारीला जिभेचे चोचले पुरवायचे नसतात. तिला चक्कर येत असते, पायाला मुंग्या येत असतात, रिपोर्टचा कागद पर्समध्ये घडी घालून ठेवलेला असतो. अशा बाईला "छी, असलं बोलू नये" एवढंच उत्तर देऊन पुढं जाणं मला पटत नाही. "खा की, आता काय राहिलंय" हे उत्तरही पटत नाही. म्हणून जरा बसून विचार करू या.

आधी आपल्याच बाजूचं बोलते. गेली कित्येक वर्षं आपण शाकाहाराची वकिली आरोग्याच्या नावानं करत आलो. शाकाहाऱ्याला रोग होत नाही, माणसाचे दात-आतडी शाकाहाराचीच आहेत, अशी भाषणं आपण ऐकली आणि टाळ्या वाजवल्या. घरात मात्र बघा. सासऱ्यांना साखर, सासूबाईंना बीपी, नणंदेचं हिमोग्लोबिन कमी. पिढ्यान् पिढ्या मांसाला हात न लावलेली ही घरं. आरोग्याच्या नावानं वकिली केली की उलटतपासणीही आरोग्याच्याच नावानं होणार. समोरचा म्हणणार, "तुमची तब्येत तर बरी नाही, मग सोडा की हट्ट."

आपल्या आचाराचा पाया आरोग्य हा नव्हताच. पंचेंद्रिय जिवाला मारून आपण जगायचं नाही, हा तो पाया. उद्या कुणी सिद्ध केलं की मटण खाल्ल्यानं दहा वर्षं जास्त जगता येतं, तर आपण खाणार का? नाही ना? मग मांसाहारानं काय काय रोग होतात याच्या याद्या वाचण्यातही अर्थ नाही. प्रश्न एवढाच उरतो : जीव न मारता माझं शरीर धडधाकट राहू शकतं का, आणि त्यासाठी मला काय करावं लागेल?

माझ्या जावेच्या मुलीचं सांगते. चौथा महिना लागला होता, हिमोग्लोबिन आठ. ज्या डॉक्टरांकडे नाव घातलं होतं त्यांनी सांगितलं, कलेजीचं सूप घ्या, नाहीतर बाळाला त्रास होईल. पोरगी रडतच घरी आली. माझी जाऊ मला म्हणाली, "वैनी, बाळासाठी एवढं पाप मी डोक्यावर घेते. तिला कळू न देता देऊ का?" मी म्हटलं, थांब. पोरीला जवळ बसवलं आणि विचारलं, "कालपासून काय काय खाल्लंस ते सगळं सांग." सकाळी चहा. दहाला चहा आणि दोन टोस्ट. दुपारी सगळ्यांचं झाल्यावर दोनला एक भाकरी, तळाला राहिलेली भाजी, आमटीचं वरचं पाणी. लगेच चहा. संध्याकाळी दिवस मावळायच्या आत सगळ्यांना वाढता वाढता हिचं जेवण राहिलं, मग त्याग म्हणून सोडून दिलं. "आणि दूध?" "दूध मामंजींना आणि बारक्याला लागतं की." घरात दोन लिटर दूध येत होतं आणि गर्भारशीच्या वाट्याला चहातलं तेवढंच. यात मांस नसल्याची उणीव होती कुठं? अन्नच नव्हतं.

दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी बी-12 तपासलं, तेही फार कमी निघालं. इंजेक्शनं दिली, लोहाच्या गोळ्या दिल्या, जेवणाच्या वेळा लिहून दिल्या. आठव्या महिन्यात हिमोग्लोबिन दहाच्या पुढं गेलं. कलेजी घरात आली नाही, आणि कुणाला चोरून काही द्यावंही लागलं नाही.

या कलेजीच्या सल्ल्याला मोठा इतिहास आहे. एक प्रकारचा पंडुरोग पूर्वी जीवघेणा होता. 1926 साली अमेरिकेत मायनट आणि मर्फी या डॉक्टरांनी रोग्यांना भरपूर कलेजी खायला घालून तो आटोक्यात आणला. 1934 साली त्यांना नोबेलही मिळालं. पण कलेजीत नेमकं काय आहे, हे 1948 साली सापडलं. ते म्हणजे हे बी-12 जीवनसत्त्व. गंमत अशी की ते गाय बनवत नाही, कोंबडी बनवत नाही, झाडही बनवत नाही. बनवतात ते सूक्ष्म जिवाणू. गाईच्या पोटात ते असतात म्हणून दुधात बी-12 उतरतं. कोंबड्यांच्या खाद्यात तर ते बाहेरून मिसळतात. आज औषधाच्या दुकानात मिळणारं बी-12 सुद्धा कारखान्यात जिवाणूंकडूनच बनवून घेतात, जसं आपण दही लावतो तसं. म्हणजे कोंबडीला घालून मग कोंबडी खाण्यापेक्षा सरळ गोळीच घेतली तर मधला जीव वाचतो. गोळी घ्या, कॅप्सूल घेऊ नका, एवढं दुकानदाराला सांगायचं. कॅप्सूलचं कवच बहुतेक वेळा जिलेटिनचं असतं आणि जिलेटिन जनावराच्या हाडा-कातड्याचं.

मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे दोन मायक्रोग्रॅम बी-12 पुरतं. अर्ध्या लिटर दुधात साधारण तेवढं असतं. आता प्रामाणिकपणे सांगा, आपल्यातली किती जणी रोज अर्धा लिटर दूध-दही-ताक स्वतः घेतात? यकृतात याचा साठा काही वर्षं पुरतो, म्हणून कमतरता लगेच कळत नाही. मग थकवा, तोंड येणं, हातापायाला मुंग्या, विसराळूपणा. आपण म्हणतो, वय झालं. साखरेसाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेणाऱ्यांचं आणि पित्ताच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांचं बी-12 आणखी कमी होऊ शकतं, हे आपल्या घरच्या म्हाताऱ्यांसाठी लक्षात ठेवण्यासारखं. आणि नुसती फॉलिक ॲसिडची गोळी मनानं घेत राहू नये. रक्त सुधारल्यासारखं दिसतं, आत मज्जातंतूंचं नुकसान चालूच राहतं. अंगावर पिणाऱ्या बाळालाही आईच्या कमतरतेचा फटका बसतो. म्हणून तपासणी आधी, आणि किती डोस ते डॉक्टरांना विचारूनच.

लोहाचं जरा वेगळं आहे. मांसातलं लोह अंगी लवकर लागतं, हे खरं आहे. ते नाकारून उपयोग नाही. पण 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना पंडुरोग आढळला, आणि या देशात बहुसंख्य लोक कमीअधिक मांस-मासे खाणारे आहेत. तेव्हा नुसतं मांस सुरू केलं की रक्त भरतं, असंही नाही. बाईच्या ताटात काय आणि किती पडतं, पाळीत किती जातं, बाळंतपणं किती अंतरानं झाली, हे सगळं त्यात येतं.

आपल्याकडं खायला काय कमी आहे? ज्वारी-बाजरीची भाकरी, नाचणीची आंबील, हुलग्याचं माडगं, मटकी, चवळी, तीळ, कारळ्याची चटणी, शेंगदाणे, गूळ. डाळी रात्री भिजवून शिजवल्या की त्यातलं लोह जास्त मिळतं. वर लिंबू पिळलं किंवा आवळा खाल्ला की आणखी. जेवणावर लगेच चहा घेतला की ते वाया जातं, म्हणून चहा तासाभरानं. लोखंडी तवा आणि कढई आपण माळ्यावर टाकली आणि नॉनस्टिक आणलं. ती खाली काढली तरी चार दाणे लोहाचे पोटात जातात. आमटीचं पाणी नव्हे, डाळ वाढून घ्यायची.

आपले नियम आड येतात का, असं तरुण मुली विचारतात. कंदमूळ सोडल्यानं रक्त कमी होत नाही. दिवस मावळायच्या आत जेवल्यानंही होत नाही, उलट पोट हलकं राहतं. पण चातुर्मासात पालेभाजी बंद, त्यातच कुणी मोड आलेलं खात नाही, वर अष्टमी-चतुर्दशीचे उपवास, आणि त्याच्या बदल्यात दुसरं काहीच ताटात येत नाही, असं चार महिने चाललं तर अंग झिजणारच. व्रत घेताना शक्तीप्रमाणे त्याग, असं आपल्याकडं सांगतातच. गर्भारशीनं, बाळंतिणीनं, आजाऱ्यानं उपवास केलाच पाहिजे, असं मला तरी कुणा महाराजांनी सांगितलेलं नाही. हे हट्ट आपण बायकाच एकमेकींवर लादतो. दयेत स्वदयाही येते.

हा प्रश्न आजचा नाही. गांधीजींना शाळेच्या वयात एका मित्रानं पटवलं होतं की मांस खाल्लं तर अंगात बळ येईल. ते काही दिवस चोरून खाल्लंही. पुढं 1888 साली विलायतेला जाण्याआधी बेचरजी स्वामी या जैन साधूंसमोर त्यांनी मांस न खाण्याची शपथ घेतली आणि पाळली. नंतर दूधही सोडलं. पण 1918 च्या मोठ्या आजारपणानंतर त्यांना शेळीचं दूध घ्यावं लागलं, आणि तो सल आयुष्यभर राहिला. आज आपली काही मुलं गोठ्यांची, वासरांची अवस्था बघून दूध सोडायला निघालीत. मला त्यांचा राग येत नाही. अहिंसा ते आपल्यापेक्षा एक पाऊल पुढं नेतायत. फक्त त्यांना एवढं सांगायचं, की दूध सोडलंत तर बी-12 ची गोळी चुकवायची नाही. गांधीजींच्या वेळी ती नव्हती, तुमच्या वेळी आहे.

एक अवघड गोष्ट राहिली. ऑपरेशनच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून देतात ते हेपॅरिन डुकराच्या आतड्यापासून काढतात. पूर्वीचं इन्सुलिन गाई-डुकरांचं असायचं. आपल्यातल्या कित्येकांनी ते घेतलं, जगले, आणि पुढं जिनालयात अभिषेकाला उभे राहिले. दुसरा उपाय नसताना घेतलेल्या औषधावरून मी कुणाकडं बोट दाखवणार नाही. एखाद्या आजारी बाईनं डॉक्टरांच्या सांगण्यावरून काही खाल्लं असेल, तर तिला बस्तीच्या पायरीवर गाठून छळणं हीही हिंसाच. पण दुसरा उपाय हातात असताना, तोही स्वस्त आणि औषधाच्या कुठल्याही दुकानात मिळणारा असताना, जीव मारून तेच मिळवायचं, याला औषध म्हणता येत नाही.

तेव्हा "औषध म्हणून तरी?" असं विचारणाऱ्या मैत्रिणीला मी सांगते, आधी रक्त तपासून घे. बी-12 आणि हिमोग्लोबिन दोन्ही. मग डॉक्टरांना सांग, मी अंडं खाणार नाही, माझ्यासाठी दुसरं काय ते द्या. लाजू नको, स्पष्ट सांग. सांगितलं की देतात. आणि घरी गेल्यावर सगळ्यांच्या आधी नाही तर निदान सगळ्यांच्या बरोबर जेवायला बस. दुधाचा एक पेला स्वतःसाठी काढून ठेव. घरात कुणी विचारलं तर माझं नाव सांग.